गंभीररावांचे दहा दात

जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयाच्या तळमजल्यावर दोन खिडक्या होत्या. त्यांतल्या डावीकडच्या, म्हणजे मृत्यूच्या खिडकीवर गंभीरराव एकोणीस वर्षं बसत होते. हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव सेवापुस्तकात आणि विजेच्या बिलावर होतं. बाकी कचेरीत, इमारतीत आणि सासुरवाडीतही ते गंभीररावच. लांबट चेहरा, पातळ ओठ, ते कायम मिटलेले, आणि कुणीतरी नुकतीच वाईट बातमी सांगितल्यासारखे डोळे. अशा चेहऱ्याच्या माणसाला दुसरं नाव पडणार तरी कुठलं?

पण त्या खिडकीला असाच माणूस लागतो. चार दिवसांपूर्वी ज्याचे वडील गेले तो मुलगा फॉर्म भरायला येतो, तेव्हा समोर टवटवीत माणूस बसलेला बरा दिसत नाही. गंभीरराव "बसा" म्हणायचे, पेन पुढे करायचे, मयताचं नाव लिहून झालं की क्षणभर थांबायचे आणि मगच पुढच्या रकान्याकडे वळायचे. त्या थांबण्यावर लोकांचा जीव जडायचा. एकदा एक म्हातारे गृहस्थ दाखला घेऊन गेले आणि तासाभराने परत आले, ते फक्त एवढं सांगायला की, "साहेब, आमच्या घरच्यांपेक्षा तुम्हाला जास्त वाईट वाटलं हो." आता खरं सांगायचं तर गंभीररावांना त्या दिवशी पित्त झालं होतं. पण माणसाची किंमत लोक चेहऱ्यावरूनच करतात आणि गंभीररावांची एकोणीस वर्षांची सगळी किंमत त्या चेहऱ्यावर जमा होती.

असं असताना त्यांना दात बदलायची बुद्धी व्हावी, याला काय म्हणावं?

निमित्त झालं एका चार-पाच वर्षांच्या मुलीचं. आजीच्या दाखल्यासाठी बापाबरोबर आली होती. गंभीरराव तिच्या बापाला तिसरा रकाना समजावून सांगत होते आणि ती खिडकीच्या कठड्याला लोंबकळून त्यांच्या तोंडात बघत होती. मग ती मोठ्याने म्हणाली, "बाबा, या आजोबांच्या तोंडात मका आहे."

बापाने तिला दटावलं, माफी मागितली, पण रांगेतली सात माणसं हसली. त्यांपैकी दोघांच्या घरी सुतक होतं.

गंभीररावांनी घरी येऊन आरशात पाहिलं. मका होता. पिवळट, एकावर एक चढलेले दाणे आणि पुढच्या एका दाण्याचा टवका उडालेला. चोपन्न वर्षं हे तोंड घेऊन आपण वावरलो आणि कुणी बोललं नाही, म्हणजे सगळे मनात बोलत होते, असा त्यांनी हिशेब केला.

"मी कधीची सांगतेय, चहा कमी करा," बायको म्हणाली.

"चहाचा काय संबंध?"

"मग आरशाचा तरी काय संबंध? तिसेक वर्षं मी बघतेच आहे की हे दात. मी काही म्हणाले?"

हे समाधान म्हणून ठीक होतं, पण गंभीररावांना त्यात टोमणा दिसला. दुखावलेल्या माणसाला टोमणा शोधावा लागत नाही. तो आपणहून भेटायला येतो.

मुलीने, म्हणजे त्यांच्या मुलीने, फोनवर शोधून सांगितलं, "बाबा, व्हेनिअर्स म्हणून एक प्रकार असतो. पोर्सेलिनचा पातळ पापुद्रा दातावर चिकटवतात."

"पोर्सेलिन म्हणजे कपबशीचं?" बायकोने विचारलं.

"साधारण तेच."

"म्हणजे आपटलं तर फुटणार," बायको म्हणाली आणि आत गेली. या प्रकरणात नंतर अनेकांनी अनेक मतं दिली, पण इतकं थोडक्यात आणि फुकट कुणी दिलं नाही.

बातमी जिन्यातून वर गेली. वरच्या मजल्यावरचे निवृत्त मीटर-तपासनीस खाली आले. त्यांना स्वतःचा एकही दात नव्हता, त्यामुळे दातांच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा मानला जाई. "सगळे उपटून टाका," ते म्हणाले. "कवळी बसवा. मी तेवीस वर्षं वापरतोय. हे बघा." आणि त्यांनी ती काढून चहाच्या टेबलावर ठेवली. समोरच्या घरातल्या काकू म्हणाल्या, मीठ लावा, आमच्या सासऱ्यांचे दात मरेपर्यंत पांढरे होते. सासरे एकेचाळिसाव्या वर्षी गेले, हे त्यांनी सांगितलं नाही; ते गंभीररावांना खिडकीमुळे माहीत होतं. मेहुणा म्हणाला, "भाऊजी, एकच नियम. ज्याच्याकडे गर्दी, तो डॉक्टर. रिकामा डॉक्टर म्हणजे रिकामं हॉटेल." मेहुण्याचं स्वतःचं दुकान कायम रिकामं असे, पण नियम सांगायला त्याची अडचण होत नसे.

गंभीरराव कारकून माणूस. त्यांनी कागदावर रकाने आखले: डॉक्टरचं नाव, पदव्या, अंतर, प्रतीक्षागृहातल्या खुर्च्या, शेरा. आणि निघाले.

पहिल्या होत्या दातांच्या बाई. वह्या-पेनांच्या दुकानावर त्यांचा दवाखाना. खुर्च्या तीन, त्यांतली एक डुगडुगती. बाईंनी दिवा खाली ओढला, पाच मिनिटं तोंडात बघितलं आणि म्हणाल्या, "दात मजबूत आहेत तुमचे. साफ करून देते, त्या एकाचा टवका भरून देते. दोन खेपांत काम होईल."

"मला व्हेनिअर्स हवेत," गंभीरराव म्हणाले.

"कशाला? त्यासाठी चांगल्या दाताचा वरचा थर घासावा लागतो. तो पुन्हा उगवत नाही. करायचेच असतील तर घाई करू नका. जो आधी मेणाचा नमुना करून, त्यावरून तुमच्या तोंडात तात्पुरते दात लावून दाखवतो, बोलायला लावतो, ओठ मिटायला लावतो, त्याच्याकडे करा. आणि त्याला म्हणावं, पाच वर्षांपूर्वी केलेले दात दाखव. कालचे नकोत. काल केलेले सगळ्यांचेच छान दिसतात."

गंभीररावांनी जिना उतरता उतरता शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'आत्मविश्वास कमी. स्वतःच काम नाकारतात.' आयुष्यात खरं बोलणारं माणूस भेटलं की आपण त्याच्या खुर्च्या मोजतो, ही गोष्ट त्यांना कळायला पुढे चार महिने लागले.

दुसरीकडे काचेचं दार होतं. आत माशांची टाकी, चौदा खुर्च्या, चौदाही भरलेल्या. भिंतीवर जोडीजोडीने फोटो, आधी आणि नंतर. पाटीवर नावापुढे 'स्मितरचनाकार' असं लिहिलेलं. तिथे डॉक्टरच्या आधी एक समुपदेशक बाई भेटायच्या. त्यांनी गंभीररावांचा फोटो काढला, पडद्यावर घेतला, दोन बटणं दाबली आणि पडद्यावर एक भलताच माणूस हसू लागला. दहा वर्षांनी लहान, पगाराने दुप्पट. गंभीरराव त्या माणसाकडे बघतच राहिले. तो त्यांच्याकडे इतक्या आपुलकीने बघत होता की नाही म्हणणं जिवावर आलं.

मग स्मितरचनाकार आले. तरुण, घाईत. त्यांचे स्वतःचे दात इतके पांढरे की बोलणं ऐकू येण्याआधी दिसायचं.

"चार दात पुरे होतील ना?" गंभीररावांनी विचारलं.

"चार केले तर बाकीचे जास्तच पिवळे दिसतील. आठ."

"आठ?"

"दहा केले तर काळजीच नको."

गंभीररावांना बाईंचं बोलणं आठवलं. "मेणाचा नमुना दाखवता का?"

स्मितरचनाकार हसले. "काका, ते जुनं झालं. आता सगळं पडद्यावर."

रंग निवडताना बायको बरोबर होती. समुपदेशक बाईंनी दातांची एक पट्टी पुढे केली, छटांना क्रमांक दिलेले. बायकोने मधल्या एका छटेवर बोट ठेवलं. "हा. हा खरा वाटतो."

"तो शिक्षक लोक घेतात," समुपदेशक बाई गोड आवाजात म्हणाल्या.

संपलं. गंभीररावांनी अगदी टोकाची, सगळ्यात पांढरी छटा घेतली. घरी येईपर्यंत बायको बोलली नाही. तिचे वडील शिक्षक होते.

आता रजेचं. दात घासायला, मापं घ्यायला, बसवायला मिळून पाच दिवस लागणार होते. गंभीररावांनी आजारी रजेचा अर्ज केला. रजा-विभागातला कारकून त्यांच्याच बरोबर नोकरीला लागलेला, पण अर्ज हातात आला की तो कुणाला ओळखत नसे. "आजार कोणता?"

"दात."

"प्रमाणपत्रात 'सौंदर्यवर्धन' लिहिलंय. सौंदर्याला रजा नाही. प्रसूतीला आहे."

"मग घरगुती कारण लिहू?"

"दात घरगुती कसे?"

"म्हणजे काय बाहेरचे आहेत?" गंभीरराव चिडले. "माझ्याच घरातले आहेत!"

शेवटी हक्काच्या रजेतून पाच दिवस गेले.

दात घासले गेले. भुलीच्या सुईमुळे दुखलं नाही, पण आवाज डोक्यात राहिला. वर तात्पुरत्या टोप्या बसवल्या. त्यांतली एक कामावर परतल्यावर तिसऱ्या दिवशी खिडकीवर निसटली आणि एका मयताच्या अर्जावर, बरोबर 'मृत्यूचं कारण' या रकान्यात जाऊन पडली. मयताचा जावई समोर होता. त्याने ती उचलून दोन बोटांत धरली आणि विचारलं, "हे आमचं का?"

तीन आठवड्यांनी खरे दात आले. दहाच्या दहा, चकचकीत. चिकटवून झाल्यावर स्मितरचनाकारांनी आरसा दिला. गंभीररावांनी बघितलं. दात सुंदर होते, यात वाद नाही. त्यांनी समाधानाने तोंड मिटलं.

तोंड मिटलं नाही.

वरचा ओठ दातांवर येऊन अडला आणि परत वर गेला. पापुद्रे पातळ नव्हतेच. दहा दारांवर दहा पाट्या ठोकल्यासारखे ते पुढे आले होते.

"सवय होईल," स्मितरचनाकार हातमोजे काढत म्हणाले. "ओठ शिकतात."

ओठ शिकले नाहीत. ज्या अक्षरांना ओठ मिटावे लागतात ती सगळी अक्षरं गंभीररावांना सोडून गेली. 'प'चा 'फ' झाला आणि 'म'चं नुसतं नाकातून वारं येऊ लागलं. आता ज्याची नोकरीच मृत्यूच्या खिडकीवर, त्याला 'म' नसून कसं चालेल?

"न्हयताचं नाव?" ते विचारायचे. "फत्ता?"

पण बोलण्याचं एक वेळ चालून गेलं असतं. चेहऱ्याचं काय करायचं? गंभीरराव आता सतत हसत होते. आत काहीही असो, पित्त, काळजी, सहानुभूती, बाहेर दहा दातांचं पांढरंशुभ्र हसू. नवरा गेलेली एक बाई चष्मा पुसत खिडकीशी आली, मान वर केली आणि तशीच थबकली.

"हसताय तुम्ही?"

"नाही हो ताई," गंभीरराव कळवळून म्हणाले. कळवळलं की ओठ आणखी वर जायचे.

"माझा नवरा गेलाय आणि तुम्ही दात काढताय?"

लेखी तक्रार आली: 'सदर कर्मचारी माझ्या दुःखावर अर्जाच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत हसत होते.' महिन्याभरात अशा तीन आल्या. कारणे दाखवा नोटीस निघाली. गंभीररावांनी रात्रंदिवस विचार करून एका ओळीचं उत्तर लिहिलं: 'मी हसत नव्हतो, तो माझा चेहरा आहे.'

साहेबांनी त्यांना खोलीत बोलावलं. "तुमचा खुलासा वाचला. मला पटला असता हो. पण तुम्ही आत्तासुद्धा हसताय."

आणि त्यांची बदली झाली. लांब नाही, सहा फुटांवर. उजवीकडच्या खिडकीवर, जन्माच्या. तिथे लोक त्यांच्यावर बेहद्द खूश झाले. किती हसतमुख माणूस! बाळाच्या नावात वेलांटी पहिली की दुसरी यावर आईबाप अर्धा अर्धा तास भांडायचे आणि जाताना गंभीररावांना पेढ्याऐवजी दात दाखवून जायचे. पलीकडे, त्यांच्या जुन्या खुर्चीवर, नवीन आलेला एक माणूस च्युइंगगम चघळत "मयत कोण? नाव बोला" असं ओरडायचा. त्याच्याविरुद्ध एकही तक्रार नव्हती. गंभीरराव ते ऐकत, हसत, बाळांची नावं लिहीत राहायचे. कुणी खुर्चीवरून उठवलेलं परवडतं, पण आपल्या डोळ्यांसमोर आपलं काम नासताना बघायला बसवणं ही शिक्षा कायद्याच्या कुठल्या पुस्तकात नसेल.

ते काचेच्या दारात परत गेले. स्मितरचनाकार शिबिराला गेले होते. पुढच्या वेळी परिषदेला. तिसऱ्या वेळी समुपदेशक बाईंनी हमीपत्र काढून दाखवलं. "दात फुटला तर आम्ही बदलून देऊ. हमी दाताची आहे काका, चेहऱ्याची नाही."

शेवटी गंभीरराव वह्या-पेनांच्या दुकानावरचा जिना चढले. डुगडुगत्या खुर्चीवर मान खाली घालून बसले. दातांच्या बाईंनी दिवा ओढला, बघितलं, आणि 'मी सांगितलं होतं' असं एका शब्दानेही म्हणाल्या नाहीत. त्यामुळे गंभीररावांना जास्तच लागलं.

"हे सगळे काढून पातळ बसवावे लागतील," बाई म्हणाल्या. "आधी नमुना, मग तात्पुरते, मग तुम्ही पंधरा दिवस बोलून बघायचं, मग कायमचे. दोन-अडीच महिने धरा. ओठ मिटतील. पण त्याखालचा मूळ दात घासला गेला तो गेला. आता तुम्हाला जन्मभर काहीतरी चढवूनच राहावं लागणार."

"न्हला चालेल," गंभीरराव म्हणाले.

नमुन्याचं माप देऊन आठवडाही झाला नव्हता, तोच दादा गेल्याचा फोन आला.

दादा म्हणजे गंभीररावांचा थोरला भाऊ. दोघांत दोन वर्षं अबोला होता, आणि अबोल्याचं कारण ऐकून शत्रूलाही लाज वाटावी. वडील गेले तेव्हा मृत्यूची नोंद गंभीररावांनीच केली. अर्जात 'माहिती देणाऱ्याचं नाव' असा रकाना असतो. तिथे त्यांनी सवयीने स्वतःचं नाव घातलं. दादाने तो कागद पाहिला आणि म्हणाला, "थोरला मी, आणि बापाच्या कागदावर सही तुझी?" गंभीरराव म्हणाले, "नियमाप्रमाणे जो अर्ज भरतो त्याचं नाव येतं." यावर दादा काही म्हणाला, त्यावर हे काही म्हणाले, आणि एका रकान्यापायी दोन भाऊ एका गावात असून एकमेकांच्या दारात गेले नाहीत. आज ना उद्या बोलू, असं दोघांनाही वाटत असावं. निदान एकाला तरी वाटत होतं.

बायकोला घेऊन गंभीरराव दादाच्या घरी पोचले तेव्हा बैठकीची खोली माणसांनी भरली होती. मधे दादाला ठेवलं होतं. गंभीरराव दारातून आत आले आणि सगळ्यांनी वर पाहिलं. भावाशी दोन वर्षं न बोललेला धाकटा भाऊ, भावाच्या प्रेतासमोर उभा राहून, दहा पांढरेशुभ्र दात दाखवत हसत होता.

एक कुजबुज कोपऱ्यातून निघाली आणि भिंतीभिंतीने फिरून आली. गंभीररावांनी हाताने तोंड झाकलं. ते तर आणखी वाईट दिसलं. हसू दाबत असल्यासारखं. त्यांना 'दादा' म्हणायचं होतं. 'द'ला ओठ लागत नाहीत, तो शब्द आला असता. पण रडू आधी आलं. रडताना ओठ ताणले गेले, खांदे हलायला लागले, आणि लांबून बघणाऱ्याला ते कशासारखं दिसलं हे सांगायला नको.

पुतण्या, दादाचा मुलगा, जवळ आला. पंचविशीतला मुलगा, डोळे सुजलेले. खालच्या आवाजात म्हणाला, "काका, तुम्ही बाहेर बसा."

"अरे, न्ही..."

"लोक बघतायत, काका. प्लीज."

बायको पुढे झाली. "अरे, त्यांचे दात..."

"काकू, आज नको."

गंभीरराव बाहेर आले आणि पायरीवर, रस्त्याकडे तोंड करून बसले. येणारी माणसं समोरून यायची, म्हणून मग भिंतीकडे तोंड केलं. बायको शेजारी बसली. तिने पिशवीतून रुमाल काढून त्यांच्या हातात दिला आणि म्हणाली, "नाकाला धरा. सर्दी झाल्यासारखं वाटेल." ते त्यांनी केलं. आत कुणीतरी मोठ्याने रडलं. रडायचा हक्क तिकडे होता.

बऱ्याच वेळाने वहिनी बाहेर आली. कुणी तिला हवेसाठी आणत होतं, त्यांना तिने हाताने मागे थांबवलं आणि पायरीवर गंभीररावांच्या पलीकडे टेकली.

"भाऊजी," मग ती म्हणाली, "तुमच्या मुलीने मला गेल्या आठवड्यात फोटो पाठवला होता. दात बसवल्यावरचा."

गंभीररावांनी मान हलवली.

"मी त्यांना दाखवला. म्हटलं, बघा तुमच्या भावाने काय करून घेतलंय. त्यांनी चष्मा लावला, बघितलं, आणि असे हसले, असे हसले की खोकला लागला. म्हणाले, 'गाढव आहे. त्याचं तोंड मिटत नसणार. आता तो खिडकीवर बसून करणार काय?'" वहिनीने डोळे पुसले. "दोन वर्षांत तुमचं नाव पहिल्यांदा काढलं त्यांनी. मग चार दिवस तेच. जेवताना मधेच थांबायचे, दात विचकून दाखवायचे आणि विचारायचे, 'मयताचं नाव काय म्हणायचं आता त्याने?' मला म्हणाले, रविवारी जाऊन येऊ त्याच्याकडे, मला ते तोंड प्रत्यक्ष बघायचंय."

"कुठल्या रविवारी?" गंभीररावांनी विचारलं. एकही अक्षर अडलं नाही.

"येत्या."

त्या दिवशी शुक्रवार होता.

वहिनीने त्यांच्याकडे बघितलं. गंभीरराव तसेच होते, ओठ वर, दात बाहेर, दोन्ही डोळ्यांतून धारा. त्या चेहऱ्याकडे बघता बघता वहिनीच्या गळ्यातून एक विचित्र आवाज आला, आणि रडता रडता तिला हसू फुटलं. तिने तोंडात पदराचा बोळा कोंबला, पण ते थांबेना. गंभीररावांच्या बायकोने "वहिनी, अहो वहिनी" म्हणत तिचे खांदे धरले आणि मग तीही हसायला लागली. पायरीवर तिघं बसली होती आणि तिघंही हलत होती.

दारात पुतण्या उभा होता. तो केव्हा आला कुणाला कळलं नाही. त्याने आईकडे पाहिलं, काकाकडे पाहिलं, आणि दार आतून लोटून घेतलं.

दोन महिन्यांनी बाईंनी पातळ दात बसवले. बायकोने रंग निवडला, मधला. ओठ नीट मिटले. 'म' परत आला, 'प' परत आला. गंभीररावांनी साहेबांकडे जुन्या खिडकीसाठी अर्ज केला. साहेबांनी त्यावर 'जनतेची पसंती लक्षात घेता आहे तिथेच ठेवावे' असा शेरा मारला. वहिनी फोन करते. पुतण्या करत नाही. गंभीरराव दर आठवड्याला त्याला एक फोन लावतात, आणि पलीकडे उचलला तर बोलायचं वाक्य आधी दोनदा म्हणून बघतात. त्यात 'म' आणि 'प' बरेच आहेत. फोन वाजत राहतो, आणि मग बंद होतो.